झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय शिडी,

अक्षर पाहून दचकू नकोस, हे पत्र मीच लिहिते आहे. शाळेत मी जेमतेम चौथीपर्यंत बसले, तेही खिडकीबाहेर बघत. त्यानंतर आयुष्यभर जे काही लिहिलं ते भाड्यानं द्यायच्या खुर्च्यांच्या पाठीवर, ब्रशनं, आपलं आडनाव. त्यामुळे माझी अक्षरं अशी मोठमोठी येतात, लांबून वाचता यावीत म्हणून. तुला लांबूनच वाचायचं आहे, तेव्हा ठीकच आहे. सूनबाईला सांगितलं असतं तर तिनं सुबक लिहून दिलं असतं, पण मग तिला हवं तेवढंच लिहिलं असतं. आणि हे पत्र तिला न विचारता चाललं आहे.

तुझं खरं नाव घ्यायला गेलं की अजूनही माझी कवळी हलते. पहिल्या दिवशी तू दोन बॅगा घेऊन गोदामाच्या दारात आलीस. आत येताना वाकायचं असतं हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, आणि अर्धवट वर केलेल्या शटरवर तुझं कपाळ असं आदळलं की समोरचा चांभार हातातला बूट घेऊन बाहेर आला. सूनबाई बर्फ आणायला धावली. माझा लेक मात्र कमरेवर हात ठेवून तुला खालपासून वरपर्यंत बघत राहिला आणि म्हणाला, आई, पताका लावायला आता शिडी नको. तेव्हापासून तू शिडी. तू रडत होतीस, आम्ही हसत होतो, आणि तुला वाटलं असणार की कुठल्या लोकांत येऊन पडले. बरोबरच वाटलं.

तुमच्या त्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीच्या संस्थेनं बजावलं होतं की मुलीला भाषा घरातच शिकवा. घरात दिवसभर रिकामी कोण, तर मी. सोळा वर्षांची पोर तू, आणि बोलायला लागलीस ती थेट सत्तरीची होऊन. शाळेत मुख्याध्यापिका बाई तुझी चौकशी करायला आल्या, तर तू त्यांना म्हणालीस, बसा हो, उभं राहून काय खांब व्हायचंय. व्यायामाच्या तासाला मास्तरांना सांगितलंस की मेले गुडघे धरलेत. बाईंनी सूनबाईला बोलावून विचारलं, हिला या वयात एवढी म्हातारी भाषा कुणी शिकवली. सूनबाई घरी येऊन माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, भाषा आली ना, मग वय काय विचारतेस.

इकडची खबर ऐक. सूनबाई टेम्पो चालवायला शिकली. हसू नकोस. मागे घेताना ती भोंग्याहून मोठ्यानं ओरडते, बाजूला व्हा, बाजूला व्हा, आणि गल्लीतली माणसं घरात जाऊन दारं लावून घेतात. चांभाराच्या पायरीचा कोपरा दोनदा उडाला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, वहिनी, मी पायरीच काढून टाकतो, तुम्ही मोकळेपणानं या. गोदामाचे पत्रे बदलले. मांजरीनं सतरंज्यांच्या चळतीत पिलं घातली आणि नेमकी वरची सतरंजी कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाली, तेव्हा पिलांसकट जाऊन पिलांसकट परत आली. माझे गुडघे तू पाहिलेस तसेच आहेत, म्हणजे नाहीत.

तुझी कार्डं येतात. पूल, होड्या, बर्फात उभे असलेले घोडे. चित्रं छान असतात, पण पाठीमागे प्रत्येक वेळी तेच: बाबा, मी खोटं बोलले, तुमचं घर मी मोडलं, मला माफ करा. पोस्टमन फाटकातून माझ्या लेकाचं नाव मोठ्यानं घेतो, सूनबाई ओला हात पुसत जाते आणि कार्ड घेऊन येते. कुणी तुला उत्तर दिलं नाही. त्याचं कारण पुढे येईल. परवा आलेलं कार्ड मात्र मी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि पेन शोधायला उठले. पण आधी त्या संध्याकाळचं सांगते, कारण त्यातलं निम्मं तू पाहिलंच नाहीस. तू वरच्या खोलीत होतीस, उशीत तोंड खुपसून.

आपल्या घराची रीत तुला पहिल्यांदा कळली तेव्हा तुझा चेहरा असा पडला होता की मला दया आली, आणि मला दया सहसा येत नाही. झेंड्याच्या दिवशी तू पहाटे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, केसांना फीत बांधून जिना उतरलीस आणि म्हणालीस, आज सण. खाली माझ्या लेकानं तुझ्या हातात दोराचं भेंडोळं दिलं. सगळं गाव झेंड्याला सलाम करून बसतं ते आपल्या खुर्च्यांवर, आपल्या मांडवाखाली. मग आपण बसणार कधी? चौकात, कचेरीसमोर, मिलच्या आवारात, सगळीकडे पहाटे मांडायचं आणि दुपारी उचलायचं. आपला सण दुसऱ्या दिवशी. खुर्च्या धुऊन झाल्या, छतांची कापडं वाळली, की संध्याकाळी गोदामात फळ्यांचं टेबल लावायचं, भाड्याला जाणारा सगळ्यात चांगला टेबलक्लॉथ घालायचा आणि चांगल्यातल्या चांगल्या खुर्च्यांवर बसून जेवायचं. मला त्या दिवशी अध्यक्षांची खुर्ची मिळते, लाल मखमलीची, उंच पाठीची. वर्षातून एकदा मी अध्यक्ष होते, आणि खऱ्या अध्यक्षांपेक्षा कमी झोपते.

पूर्वी माझा लेक त्या दिवशी माईक जोडायचा. हॅलो, हॅलो, करून भाषण ठोकायचा. आदरणीय अध्यक्ष महोदया, म्हणजे माझी आई, जिनं मला लहानपणी बांबूनं मारलं, आणि आज त्याच बांबूवर आपण उभे आहोत. सूनबाई हसून हसून पदर डोळ्यांना लावायची आणि थोरली, त्यांची मुलगी, त्याचा आवाज कमीजास्त करायची, मधेच बंद करायची, आणि हा बंद माईकवर हातवारे करत राहायचा. ते भाषण तू ऐकलं नाहीस. तू आलीस त्याच्या खूप आधी ते थांबलं होतं.

थोरलीची गोष्ट तुला कुणी धड सांगितली नव्हती. ती लांब असते, एवढंच. लांब म्हणजे पुलापलीकडे, इथून चहा घेऊन निघालीस तर गार व्हायच्या आत पोचशील एवढं लांब. ती याच गोदामात वाढली. चालायला लागली ती खुर्च्यांच्या रांगांना धरून. बांबूवर माकडासारखी चढायची आणि गाठ अशी मारायची की वाऱ्यानं मांडव उडेल पण गाठ सुटणार नाही. माझा लेक चारचौघांत सांगायचा की माझ्या मागे हे सगळं हीच बघणार. मग तिनं भोंगेवाल्याशी लग्न केलं. त्यालाही कुणाची हरकत नव्हती. लेक लग्नात नाचला, वाईट नाचला, पण नाचला. त्यानंतर त्या दोघांनी पुलापलीकडे स्वतःचं दुकान काढलं, निळ्या खुर्च्यांचं. तेही त्यानं गिळलं, चेहरा करून का होईना. पण शाळेच्या मैदानावरचं झेंड्याचं काम आपल्याकडे माझ्या नवऱ्यापासून होतं. एका वर्षी ते थोरलीकडे गेलं. ती म्हणे, शाळेची माणसं माझ्याकडे आली, मी कशी नाही म्हणू. हा म्हणे, तोंड होतं ना, त्यानं नाही म्हणायचं. दोघंही बरोबर आणि दोघंही माझ्या नवऱ्याच्या वळणावर गेलेले. त्या सकाळी मैदानावर निळ्या रांगा बघून तो परत आला, नळ सोडून हात धूत राहिला आणि नळ चालू असतानाच म्हणाला, थोरली आता या घरात यायची नाही. सूनबाईला वाटलं, आठ दिवसांत उतरेल. उतरलं नाही. भाषणही त्याच वर्षापासून बंद.

आणि तुझ्याकडची गोष्ट तू आम्हाला जेवताना सांगायचीस. तुमच्याकडे देशाचा सण आला की सगळे नदीकाठी एका लांब टेबलावर जेवायला बसतात. तुझा आजा आणि तुझा काका एकमेकांशी बोलत नाहीत, तरी शेजारी बसतात, आणि एकाला मीठ हवं असलं की दुसरा न बघता बरणी सरकवतो. तू हे सांगितलंस तेव्हा सूनबाई उठून उगाच पाणी आणायला गेली. माझा लेक भाकरी मोडत होता, मोडतच राहिला. तुला तेव्हाच वाटलं असणार की हे आपल्याला जमेल. सोळाव्या वर्षी सगळं जमेल असं वाटतं.

झेंड्याच्या दिवशी तुझा वर्ग शाळेच्या मैदानावर गाणार होता. माईक तुझ्या छातीपर्यंत येत होता, म्हणून तो उंच करायला जी बाई आली ती थोरली. तिनं विचारलं, तू आमच्या घरी राहतेस ना. तू म्हणालीस, हो, सणाला या. तिनं विचारलं, बाबांनी सांगितलंय? आणि तू म्हणालीस, हो, बाबांनीच बोलावलंय. एवढंच तुझं खोटं. गाणं सुरू व्हायचं होतं, दिवस सांगायला तुला सवड मिळाली नाही. दुसरी कुणी असती तर त्याच संध्याकाळी नवी साडी नेसून आली असती आणि गोदामाला कुलूप बघून परत गेली असती. थोरली दुसऱ्या दिवशी आली. मला तेवढ्यावरच कळलं की पोरगी पूल ओलांडून गेली असेल, पण गेलेली नाही.

ती आली तेव्हा काय चाललं होतं ते तुला आठवत असेलच, पण मला ते माझ्या खुर्चीवरून जसं दिसलं तसं सांगते. जेवण वाढून झालं होतं. मीच तुला म्हटलं होतं की आमचं झेंड्याचं गाणं ऐकून ऐकून कान किटले, आज तुझ्या देशाचं म्हण. तू उभी राहिलीस, हात बाजूला, नाक वर. आणि माझा लेक उठून उभा राहिला. परक्या देशाचं गाणं, आपल्याच गोदामात, ऐकणाऱ्या आम्ही दोन बायका आणि एक मांजर, तरी तो सदऱ्याची गुंडी लावून ताठ उभा राहिला. म्हणून सूनबाईही उठली, हातात डाव घेऊन. मी बसूनच राहिले. त्या मखमली खुर्चीत एकदा शिरले की दोघांनी ओढल्याशिवाय मला निघता येत नाही.

तुझं पहिलं कडवं चालू होतं तेव्हा शटरखालून वाकून थोरली आत आली. तिनं सगळ्यांना उभं पाहिलं आणि तीही होती तिथं उभी राहिली. बाप इकडे, लेक तिकडे, मधे धुतलेल्या खुर्च्या, आणि गाण्यात हलायचं नाही हे दोघांनाही लहानपणापासून शिकवलेलं. इतक्या वर्षांनी त्यांनी एकमेकांकडे बघितलं ते असं, कारण दुसरीकडे बघायला सोयच नव्हती. आणि मग तू ते गाणं संपवेचना. मला तुमचं गाणं कळत नाही, पण तीच ओळ पुन्हा आली की कळतं. तू पहिल्यापासून सुरू केलंस. घाबरली होतीस, गाणं संपल्यावर काय होईल म्हणून. तिसऱ्यांदा सुरू करणार होतीस, पण तुझा आवाज फुटला.

मग तुझ्या भीतीप्रमाणेच झालं. थोरली फक्त आई म्हणाली, सूनबाईला. माझ्या लेकानं ताटाकडे पाहिलं, ताट थोडं पुढे सरकवलं आणि गोदामाच्या मागच्या भागात निघून गेला, जिथे वाळलेली छतं ढिगानं पडली होती. सूनबाईनं खालच्या आवाजात तुला विचारलं, तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला. तू जिन्यानं पळालीस, हातात ताट घेऊन. जिन्यावर बटाटे सापडले दुसऱ्या दिवशी. सूनबाई नळाशी जाऊन भांडी घासायला बसली, जेवण व्हायच्या आधीच. आणि मी खुर्चीत अडकलेली. म्हणून पुढचं पाहिलं ते मी एकटीनं.

छताचं कापड एकट्याला घडी करता येत नाही, हे तुला माहीत आहे, तू धरलं आहेस ते. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायचं, मग एकमेकांकडे चालत यायचं, कोपऱ्याला कोपरा लावून एकानं हातात द्यायचं, वाकून घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. माझा लेक ते एकट्यानं करत होता. एक टोक पायाखाली, एक हनुवटीखाली, मधलं सगळं जमिनीवर लोळतंय. थोरली बघत राहिली. मग तिनं चपला काढल्या, कारण कापडावर चपलेनं जात नाहीत, आणि दुसरं टोक उचललं. त्यानं नको म्हटलं नाही. त्यानं ताणलं, तिनं ताणलं. चालत जवळ आले, तिनं कोपरे त्याच्या हातात दिले, वाकली, मागे गेली. एक कापड झालं. दुसरं झालं. नुसता कापडाचा फटफट आवाज.

मधेच थोरली म्हणाली, तुम्ही बोलावलंत म्हणून आले, बाबा.

शिडे, मी म्हातारी बाई, बरंच पाहिलेली, पण तेव्हा मी खुर्चीचे हात घट्ट धरले. आता तो म्हणणार, मी कुठे बोलावलं. खरंच होतं ते, आणि खरं बोलण्याची त्याला वाईट खोड होती. तो थांबला. त्यानं जिन्याकडे पाहिलं, तू पळाली होतीस तिकडे. त्याला कळलं असणार कुणी काय केलं ते. एवढं न कळण्याइतका तो खुळा नव्हता. मग कापड ताणून तो म्हणाला, बोलावलं तर सकाळी यायचं, छतं धुवायला माणूस कमी होतं. आणि थोड्या वेळानं म्हणाला, कोपरा ढिला सोडू नकोस.

बाकी काही नाही. गळ्यात पडणं वगैरे आमच्याकडे होत नाही. सगळी छतं संपली, तिनं चपला घातल्या, सूनबाईनं तिच्या हातात डबा कोंबला आणि ती गेली. तो जेवायला बसला आणि गार झालेलं सगळं जेवला. मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाला असता, कापड कुणीतरी धरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू सुजलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे आणि सूनबाईकडे कबूल केलंस. त्याला सांगायची तुझी छाती झाली नाही. थोड्याच दिवसांत तुझं वर्ष भरलं आणि तू गेलीस. निघताना तो तुला फक्त नीट जा म्हणाला, आणि तू तेच धरून बसलीस की बाबा रागावलेत. अगं, तुझ्या बॅगा त्यानं स्वतः मांडवाच्या दोरीनं बांधल्या होत्या. ती गाठ तुझ्याकडे कुणाला सुटली नसेल, कापावी लागली असेल. ज्याच्यावर राग असतो त्याच्या सामानाला तो हातही लावत नसे.

त्यानंतर थोरली येऊ लागली. सण म्हणून नाही, पाहुणी म्हणून नाही. मोठं काम होऊन छतं परत आली की दुपारी यायची, टोक धरायची, जायची. बोलणं फक्त कापडाचं. हे विरलंय, इथे ठिगळ लागेल, हे उन्हात जास्त राहिलं. सूनबाईला वाटायचं आता बोलतील, मग बोलतील. मी म्हणायचे, हेच बोलणं आहे, तुला ऐकू येत नाही त्याला ते काय करतील.

तुझं पहिलं कार्ड त्यानं वाचलं. उभ्यानं, शटरशी, उजेडात धरून. मला म्हणाला, हिला अजून जोडाक्षरं येत नाहीत. मग ते सदऱ्याच्या खिशात ठेवलं, वरून हातानं दाबलं आणि म्हणाला, आई, हे पुलापलीकडे जाता कामा नये. त्यानंतरची कार्डं त्यानं वाचली नाहीत, कारण शिडे, ती आली तेव्हा तो नव्हता.

थंडी सुरू झाली होती. मिलच्या आवारात कुणाच्या तरी निवृत्तीचा समारंभ होता. सगळं मांडून झालं होतं, लोक यायचे होते. त्यानं पहिल्या रांगेतली एक खुर्ची जरा सरळ केली आणि तिच्यावर बसला. आयुष्यात तो कधी कार्यक्रमाआधी स्वतःच्या खुर्चीवर बसला नव्हता. लोक आले, त्याच्या आजूबाजूला बसले, कुणीतरी त्याला सुपारी विचारली. माईकवर हॅलो हॅलो झालं तरी तो उठला नाही, तेव्हा कळलं. माझ्या आधी गेला. त्यावर मी काही लिहिणार नाही, ब्रशनंही लिहिता येणार नाही एवढं ते मोठं आहे.

तुला कळवायचं नाही हे सूनबाईनं ठरवलं. ती म्हणाली, पोरीचं परीक्षेचं वर्ष आहे, आणि तिला वाटेल, माझ्या खोटं बोलण्यानंच बाबा गेले. तुला तसं वाटेल हे मलाही माहीत होतं. म्हणून सांगते, आणि एकदाच सांगते, त्याचं हृदय त्याच्या बापासारखं होतं, बाप तर त्याहून तरणा गेला. तुझा त्यात काही संबंध नाही. सूनबाई तुझी कार्डं टाकत नाही. पोस्टमनला तिनं अजून सांगितलेलं नाही. तो फाटकातून नाव घेतो आणि ती म्हणते, द्या इकडे, ते कामावर गेलेत.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या परवाच्या कार्डाकडे येते. तू लिहिलंस की बाबा उत्तर देत नाहीत, तेव्हा आता ताईलाच पत्र लिहिते, तिला खरं काय ते सांगून टाकते, म्हणजे माझं मन मोकळं होईल, तिचा पत्ता पाठवा. पत्ता मी पाठवणार नाही, आणि तू दुसरीकडून मिळवलास तरी लिहायचं नाही. तो गेला तेव्हा जो भेटायला येईल त्याला थोरली एकच सांगत होती, बाबांनी स्वतःहून बोलावलं होतं मला. अजून सांगते. मागच्या आठवड्यात चांभाराला सांगत होती. त्यानं ते आधीही ऐकलं आहे, तरी त्यानं हातोडी खाली ठेवून पुन्हा ऐकलं. तिच्याकडे बापाचं एवढंच आहे, पोरी. तुझं मन मोकळं करायला तिचं रिकामं करू नकोस. खोटं तू बोललीस, पण त्या संध्याकाळी त्यानं ते तुझ्या हातातून घेतलं आणि आपलं करून टाकलं. आता ते त्याचं आहे, तुला परत मागता येणार नाही. माफीचं म्हणशील तर ती तुला तेव्हाच मिळाली होती, तुला सांगायचं तेवढं राहिलं. रडायचं तेवढं रडून घे आणि मग तोंड धुऊन सूनबाईच्या नावानं एक कार्ड पाठव, घोड्यांचं, ते तिला आवडतात. त्यात त्या दिवसाचा विषय काढू नकोस. खोटं बोलताना तू एकटी होतीस. गप्प राहायला आपण तिघी आहोत.

अजून तरी तुझीच,
आजी